तरुणांची संध्याकाळ कुणाची? समाजमाध्यमांच्या परिणामांवरील चर्चेचा आढावा

प्रश्नाची मांडणी

अमरावतीहून नागपूरकडे जाणाऱ्या महामार्गावर, तिवसा तालुक्यात, गुरुकुंज मोझरी आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ मध्ये इथे आश्रम उभारला. दरवर्षी पुण्यतिथी महोत्सवात सायंकाळी ४ वाजून ५८ मिनिटांनी इथे जमलेला अफाट समुदाय मौन श्रद्धांजली वाहतो. खंजिरी थांबते, घोषणा थांबतात, माणसे हात जोडून जागच्या जागी उभी राहतात. मौन सुटले की थोड्याच वेळात त्या सोहळ्याचे फोटो आणि व्हिडिओ गावोगावच्या ग्रुपवर पोचू लागतात. पाठवणारे बहुतेक तरुण असतात. हजारोंच्या सोबतीने शांत उभा राहू शकणारा तरुण आणि रात्री एकटाच अंथरुणात रील सरकवत बसणारा तरुण हा एकच मुलगा आहे. समाजमाध्यमे तरुणांचे काय करतात, हा प्रश्न गुरुकुंजात उभे राहून विचारावासा वाटतो तो यामुळे.

वऱ्हाडात हा प्रश्न आधी घरात विचारला जातो. ‘पोट्टं जेवतानी बी मोबाईल सोडत नाही’ ही तक्रार ऐकली नाही असे घर सापडणे कठीण. पण घराबाहेर पडले की प्रश्नाचे रूप बदलते. शिक्षकाला अभ्यासाची चिंता असते, डॉक्टरला झोपेची आणि मनाची, पोलिसांना अफवांची, मुलीच्या आईबापांना तिच्या फोटोच्या गैरवापराची. तरुणांना स्वतःला विचारले तर फोनशिवाय भरतीची जाहिरातही कळत नाही, असे ते सांगतात. हे सगळे खरे बोलत असतात, पण वेगवेगळ्या गोष्टींबद्दल. त्यामुळे चर्चा पुष्कळ होते आणि ती पुढे मात्र सरकत नाही. या लेखात चर्चेची पार्श्वभूमी, तिच्यातल्या मुख्य भूमिका, आजमावले गेलेले उपाय आणि अजून न सुटलेले मुद्दे क्रमाने मांडले आहेत.

पार्श्वभूमी: आधीचे शतक आणि अलीकडची पंधरा-वीस वर्षे

तरुणांचा मोकळा वेळ कुठे जावा, याची काळजी या भागाने मोबाईल येण्याच्या फार आधीपासून केली आहे. अमरावतीत १९१४ मध्ये हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची सुरुवात झाली, ती तरुणांना आखाड्यात आणण्यासाठी. त्यानंतर दोन दशकांनी गुरुकुंज उभे राहिले. तुकडोजी महाराजांनी सकाळचे सामुदायिक ध्यान आणि संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना गावागावांत रुजवली. श्रीगुरुदेव सेवा मंडळाच्या शाखांनी ठरावीक वेळी, ठरावीक जागी, सगळ्या जातींच्या लोकांना एकत्र बसण्याची सवय लावली. १९५५च्या ‘ग्रामगीते’त महाराजांनी गावाचे आरोग्य, शिक्षण, रक्षण यांचा प्रकरणवार विचार केला. एकट्या माणसाच्या सुधारणेवर न थांबता सगळ्या गावाची घडी बसवण्याचा तो विचार होता.

प्रभावी माध्यम तरुणांना हलवते, हेही इथल्या इतिहासाने पाहिले आहे. १९४२च्या ऑगस्टमध्ये चिमूर, आष्टी, यावली इथे लोक उठले. त्या उठावामागे महाराजांच्या खंजिरी भजनांची प्रेरणा होती, असे मानले जाते. इंग्रज सरकारने त्यांना त्याच महिन्यात चंद्रपुरात अटक केली आणि नागपूर व रायपूरच्या तुरुंगात ठेवले. पुढे सिनेमा आला, टीव्ही आला, व्हिडिओ पार्लर आले. प्रत्येक वेळी पोरे बिघडतील अशी भीती बोलली गेली.

या अनुभवावरून काहीजण म्हणतात की आजची भीतीही तशीच ओसरेल. पण एक फरक दुर्लक्षून चालणार नाही. भजन असो की टीव्ही, आजूबाजूला माणसे असत. फोन एकट्याचा असतो, चोवीस तास जवळ असतो, आणि बघणाऱ्याने काय पाहिले, किती सेकंद पाहिले याची नोंद ठेवून तो पुढची गोष्ट समोर ठेवतो.

घडामोडींचा क्रमही पाहायला हवा. फेसबुक २००४ मध्ये सुरू झाले. २००९ मध्ये त्यात ‘लाईक’चे बटन आले, व्हॉट्सॲपही त्याच वर्षीचे. इन्स्टाग्राम २०१०चे. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले, डेटा स्वस्त झाला आणि खेड्यातल्या फोनवर व्हिडिओ चालू लागला. २०२०च्या टाळेबंदीत शाळा मोबाईलवर आली. ज्या घरांनी तोवर मुलांच्या हाती फोन दिला नव्हता, त्यांनीही तो अभ्यासासाठी म्हणून घेतला. त्याच वर्षी २९ जूनला केंद्र सरकारने टिकटॉकवर बंदी घातली आणि पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने भारतात रील्स आणले. ॲप बदलले, सवय तीच राहिली.

ग्रामीण भारतातले चित्र ‘असर’ या शिक्षणविषयक पाहणीच्या २०२४च्या अहवालात दिसते. १४ ते १६ वयाच्या मुलामुलींपैकी ८२.२ टक्क्यांना स्मार्टफोन वापरता येत होता. पाहणीच्या आधीच्या आठवड्यात ५७ टक्क्यांनी तो अभ्यासासाठी वापरला होता, तर समाजमाध्यमांसाठी ७६ टक्क्यांनी. दोन आकड्यांतले हे अंतर पुढच्या सगळ्या वादाच्या मुळाशी आहे.

पहिली भूमिका: हानी खरी आहे आणि मोठी आहे

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जीन ट्वेंगी यांनी २०१७ मध्ये आणि जोनाथन हाइट यांनी २०२४च्या ‘द अँक्शस जनरेशन’ या पुस्तकात ही भूमिका ठामपणे मांडली. २०१२च्या सुमारास अमेरिकेत आणि इतर काही देशांत किशोरवयीनांमधले, विशेषतः मुलींमधले नैराश्य आणि चिंता वाढू लागली. नेमके त्याच काळात स्मार्टफोन आणि इन्स्टाग्राम सर्वत्र पसरले. या दोहोंचा संबंध योगायोगाचा नाही, असे त्यांचे म्हणणे आहे.

त्यांच्या बाजूने काही वजनदार पुरावे आहेत. फेसबुक सुरुवातीला एकेका अमेरिकी महाविद्यालयात टप्प्याटप्प्याने खुले होत गेले. त्या क्रमाचा उपयोग करून तीन अर्थशास्त्रज्ञांनी २०२२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. फेसबुक आलेल्या महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांचे मानसिक आरोग्य, ते अजून न पोचलेल्या ठिकाणांच्या तुलनेत, ढासळल्याचे त्यात दिसले. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या २०१८च्या प्रयोगात १४३ विद्यार्थी होते. त्यांतल्या एका गटाने तीन आठवडे प्रत्येक ॲपचा वापर रोज दहा मिनिटांवर आणला. त्यांचा एकटेपणा आणि नैराश्याची लक्षणे कमी झाली. २०२१ मध्ये फ्रान्सेस हौगेन या माजी कर्मचारी महिलेने फेसबुकची अंतर्गत कागदपत्रे बाहेर आणली. इन्स्टाग्राममुळे काही किशोरवयीन मुलींचा स्वतःच्या शरीराबद्दलचा न्यूनगंड वाढतो, असे कंपनीच्याच पाहणीत नोंदलेले त्यातून समोर आले. कंपनीने त्या निष्कर्षांचा अर्थ वेगळा लावला. मे २०२३ मध्ये अमेरिकेचे सर्जन जनरल विवेक मूर्ती यांनी सूचनापत्रक काढले. दिवसाला तीन तासांहून अधिक काळ समाजमाध्यमांवर घालवणाऱ्या किशोरवयीनांत नैराश्य आणि चिंतेच्या लक्षणांची जोखीम दुप्पट असते, असे त्यात म्हटले होते.

हानी कोणत्या वाटेने होते, हेही हे अभ्यासक सांगतात. पहिली वाट झोपेची. रात्री अकराला अंथरुणावर पडलेला मुलगा एक रील पाहतो. रील संपायच्या आत बोट वर सरकते आणि दुसरे सुरू होते. पानाला तळ नसतो, त्यामुळे ‘आता पुरे’ म्हणायची जागाच येत नाही. मधेच एखादे फारच आवडलेले रील लागते आणि तसेच आणखी एक मिळेल या आशेने बोट पुन्हा फिरते. दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाला डोळे मिटतात. दुसरी वाट तुलनेची. पूर्वी तुलना आळीतल्या चार पोरांशी होई. आता पुण्या-मुंबईच्या, अगदी परदेशातल्या सजवलेल्या आयुष्यांशी होते. तिसरी वाट छळाची. शाळेतली टिंगल पूर्वी शाळा सुटल्यावर संपायची. आता ती ग्रुपमधून घरापर्यंत येते.

दुसरी भूमिका: पुरावा इतका सरळ नाही

या बाजूचे संशोधक समाजमाध्यमांची तरफदारी करत नाहीत. आकड्यांतून निघतो त्याहून मोठा निष्कर्ष काढू नका, एवढेच त्यांचे सांगणे आहे. एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू प्रिझबिल्स्की यांनी २०१९ मध्ये अमेरिका आणि ब्रिटनमधल्या साडेतीन लाखांहून अधिक किशोरवयीनांची माहिती तपासली. मुलांच्या समाधानात जो फरक दिसतो, त्यातला जास्तीत जास्त ०.४ टक्के भाग डिजिटल साधनांच्या वापराशी जोडता येतो, असे त्यांना आढळले. त्याच माहितीत बटाटे खाण्याचा संबंधही जवळपास तेवढाच निघाला, ही त्यांनी दिलेली तुलना पुष्कळ गाजली.

कॅन्डिस ऑजर्स यांनी हाइट यांच्या पुस्तकाच्या परीक्षणात दुसरा मुद्दा मांडला. दोन गोष्टी एकाच वेळी वाढल्या म्हणून एकीमुळे दुसरी वाढली, असे ठरत नाही. आधीच उदास असलेले मूल फोनकडे अधिक वळत असेल, ही शक्यता उरतेच. अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमींच्या समितीने डिसेंबर २०२३च्या अहवालात असेच सावध मत दिले. समाजमाध्यमांमुळे काही मुलांची हानी होऊ शकते हे तिने मान्य केले. मात्र सगळ्या पिढीचे आरोग्य त्यांच्यामुळेच बदलले, असे म्हणण्याजोगा पुरावा तिला दिसला नाही.

नेदरलँड्समधल्या २०२०च्या एका लहान पण बारकाईने केलेल्या अभ्यासाने या वादाला नवे वळण दिले. संशोधकांनी ६३ किशोरवयीनांना दिवसातून अनेकदा प्रश्न विचारून प्रत्येकाचा वेगळा आलेख काढला. इतरांच्या पोस्ट नुसत्या पाहिल्यानंतर ४६ टक्क्यांना बरे वाटत होते, ४४ टक्क्यांना काही फरक पडत नव्हता आणि १० टक्क्यांना वाईट वाटत होते. सरासरी काढली की हा दहावा हिस्सा नजरेआड जातो. चाळीस मुलांच्या वर्गात असे चौघे असतील, तर शिक्षकासाठी ते चौघेच महत्त्वाचे असतात.

पहिल्या बाजूने यावर उत्तर दिले आहे. टीव्ही, गेम, समाजमाध्यमे असे सगळे पडदे एकत्र मोजले की परिणाम पातळ होतो; मुली आणि समाजमाध्यमे एवढेच वेगळे काढले तर तो वाढतो, असे ट्वेंगी आणि हाइट म्हणतात. दुसऱ्या बाजूनेही पुढे वयाचा बारकाईने विचार केला. ऑर्बेन आणि सहकाऱ्यांच्या २०२२च्या ब्रिटिश अभ्यासात मुलींसाठी ११ ते १३, मुलांसाठी १४ ते १५ आणि दोघांसाठी १९च्या आसपासचे वय अधिक नाजूक असल्याचे दिसले. आपल्याकडे हीच वये सहावी-आठवीची, नववी-दहावीची आणि घर सोडून शहरात शिकायला जाण्याची आहेत. त्यामुळे दोन्ही बाजूंतले अंतर लांबून दिसते तेवढे राहिलेले नाही. काही मुलांना, काही वयात, काही प्रकारच्या वापराने इजा होते, यावर बऱ्यापैकी एकमत आहे. ही मुले किती आणि फोन हेच मूळ कारण की इतर कारणांना मिळालेली धार, यावर मतभेद कायम आहेत.

‘व्यसन’ म्हणण्याबाबतही वैद्यकात एकमत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात गेमिंगचा विकार समाविष्ट आहे, समाजमाध्यमांचा नाही. तरी मदत मागणारी कुटुंबे वाढत होती, म्हणून बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी २०१४ मध्येच ‘शट’ हे स्वतंत्र क्लिनिक सुरू केले. नाव काय द्यावे हा वाद चालू असतानाही उपचार थांबवता येत नाहीत, हे त्यातून दिसते.

तिसरी भूमिका: खेड्यातल्या तरुणासाठी ही संधीही आहे

शहरात बसून लिहिणाऱ्यांना ही बाजू पुरती दिसत नाही. तिवसा, चांदूर रेल्वे, मोर्शी भागातल्या मुलाला पोलीस भरतीची किंवा स्पर्धा परीक्षेची तयारी करायची तर पूर्वी अमरावतीत खोली करून राहावे लागे. आज शिकवणीचे व्हिडिओ यूट्यूबवर मिळतात आणि सरावाच्या प्रश्नपत्रिका टेलिग्रामवर. सोयाबीन, कापूस, तुरीचे बाजारभाव घरातला तरुण फोनवर पाहतो आणि बापाला सांगतो. वऱ्हाडी बोलीला पाठ्यपुस्तकात फारशी जागा मिळाली नाही; रील्समध्ये मात्र ती मोकळेपणाने बोलली जाते आणि तिला प्रेक्षकही लाभतो. ज्या बोलीमुळे शहरात मुलाला कानकोंडे व्हावे लागे, तिच्यातच तो लोकांना हसवतो आणि विचारही करायला लावतो. त्याच्या आत्मविश्वासासाठी ही गोष्ट लहान नाही.

या आशेची मर्यादाही याच अमरावती जिल्ह्यात दिसली. मेळघाटातल्या धारणी तालुक्यातले हरिसाल २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या सहकार्याने ‘डिजिटल गाव’ म्हणून निवडले गेले. दवाखाना, शाळा आणि बाजार इंटरनेटने जोडण्याची योजना होती. २०१९च्या लोकसभा प्रचारात राज ठाकरे यांनी याच गावाचा व्हिडिओ सभेत दाखवून डिजिटल गाव झाल्याच्या दाव्यांवर प्रश्न उपस्थित केले, आणि हरिसाल हे नाव राज्यभर पोचले. नेटवर्क आले म्हणजे संधी आली असे होत नाही. शिकवणारा, समजावणारा आणि यंत्रणा चालती ठेवणारा माणूस सोबत लागतो.

अफवा, स्टेटस आणि गावाची शांतता

समाजमाध्यमांचे परिणाम एकेका मनापुरते मोजायची सवय पाश्चात्त्य संशोधनाला आहे. आपल्याकडे परिणाम गावाच्या आणि शहराच्या पातळीवरही होतो, आणि त्याची किंमत तरुण मोजतात.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा इथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठार मारले. ते पोटासाठी भटकणारे भिक्षेकरी होते. त्यांच्याबद्दलचा संशय व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या मजकुराने पेटवला होता. देशभरात अशा घटना घडल्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा आणली. रचनेतल्या एवढ्या साध्या बदलानेही अफवेचा वेग कमी होऊ शकतो, हा त्यातला धडा आहे.

वऱ्हाडात नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावती पेटली. त्रिपुरातल्या हिंसाचाराच्या बातम्यांवरून मोर्चा निघाला, दुसऱ्या दिवशी बंद आणि जाळपोळ झाली, मग संचारबंदी लागली आणि इंटरनेट बंद झाले. १३ मे २०२३ला अकोल्याच्या जुन्या शहरात इन्स्टाग्रामवरच्या मजकुरावरून दोन गट भिडले आणि एकाचा जीव गेला. दंगलीची मुळे फोनच्या आधीची असतात, हे समाजशास्त्राचे अभ्यासक बजावतात आणि ते बरोबर आहे. ठिणगी घरोघर पोचवण्याचा वेग मात्र नवा आहे. स्टेटस ठेवायला दोन सेकंद लागतात. त्यापायी दाखल झालेला गुन्हा नोकरीच्या चारित्र्य पडताळणीत वर्षानुवर्षे आडवा येतो. भरतीची तयारी करणाऱ्या मुलांना हे कुणीतरी वेळीच सांगायला हवे. इंटरनेट बंद करण्याच्या उपायावरही मतभेद आहेत. प्रशासन त्याला अफवा रोखण्याचा मार्ग मानते. टीकाकार म्हणतात की त्याने परीक्षेचा फॉर्म भरणारा विद्यार्थी आणि फोनवर पैसे घेणारा छोटा दुकानदार भरडले जातात.

मुलींचा प्रश्न

या चर्चेत मुलींची स्थिती दुहेरी आहे. समाजमाध्यमांवरचा त्रास त्यांना अधिक होतो आणि फोनही त्यांच्याच हातातून आधी काढला जातो. ‘असर’च्या २०२३च्या पाहणीत १४ ते १८ वयाच्या ज्या ग्रामीण मुलामुलींना फोन वापरता येत होता, त्यांतल्या ४३.७ टक्के मुलांकडे स्वतःचा फोन होता, तर मुलींपैकी १९.८ टक्क्यांकडेच. २०२४च्या अहवालात समाजमाध्यमे वापरणाऱ्या १४ ते १६ वयाच्या मुलामुलींपैकी ६२ टक्क्यांनाच एखाद्याला ब्लॉक किंवा रिपोर्ट करणे माहीत होते, आणि खाते खासगी करणे ५५.२ टक्क्यांना.

भावाच्या किंवा वडिलांच्या फोनवर खाते चालवणाऱ्या मुलीला कुणी धमकावले, तर ती सांगणार कुणाला? सांगितले की फोन बंद होईल, कदाचित कॉलेजही बंद होईल, ही भीती तिला गप्प ठेवते, आणि फोटोवरून पैसे उकळणारे नेमके त्याच गप्प राहण्यावर जगतात. म्हणूनच महिला संघटना आणि बालहक्कांचे कार्यकर्ते बंदीपेक्षा मदतीच्या वाटांवर भर देतात. सायबर गुन्ह्यांसाठी १९३०, मुलांसाठी १०९८ आणि मानसिक आधारासाठी ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली टेलिमानस सेवा १४४१६ हे क्रमांक शाळेच्या फलकावर असायला हवेत. काही पालकांचे म्हणणे वेगळे आहे: गावात मदत पोचेपर्यंत बदनामी होऊन गेलेली असते, म्हणून आधीच दूर ठेवलेले बरे. ही भीतीही खोटी नाही. पण तिची किंमत एकट्या मुलीने चुकवायची का, हा प्रश्न त्या उत्तराने सुटत नाही.

उपायांचे चार रस्ते

पहिला रस्ता कायद्याचा. ऑस्ट्रेलियाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कायदा करून १६ वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास मनाई केली. तो १० डिसेंबर २०२५ पासून लागू झाला. दंड मुलांना किंवा पालकांना होत नाही, कंपन्यांना होतो. भारतात २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने वेगळी वाट धरली. १८ वर्षांखालील मुलाची माहिती वापरायला पालकांची पडताळता येईल अशी संमती लागेल, आणि मुलांच्या वागण्यावर पाळत ठेवून त्यांना जाहिराती दाखवता येणार नाहीत. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, पण पूर्ण अंमलासाठी मुदत दिलेली आहे. लहान मुलांना समाजमाध्यमांची बंदी करावी अशी मागणी एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आली, तेव्हा हा धोरणाचा विषय असल्याचे सांगून न्यायालयाने तीत पडण्यास नकार दिला. समर्थकांच्या मते एकट्या पालकाला कंपन्यांशी लढता येत नाही, म्हणून कायदा हवा. विरोधक म्हणतात की मुले खोटे वय टाकतील, आणि वय तपासण्याच्या नावाखाली सगळ्यांचीच ओळखपत्रे कंपन्यांकडे जमा होतील.

दुसरा रस्ता कंपन्यांचा. इन्स्टाग्रामने २०२४ मध्ये किशोरवयीनांसाठी वेगळी खाती आणली. ती मुळातच खासगी असतात, रात्री सूचना थांबतात, अनोळखी माणसाला मेसेज पाठवता येत नाही. पाऊल योग्य आहे. पण किती वेळ खिळवून ठेवले यावरच ज्याची कमाई अवलंबून आहे, तो स्वतःहून कुठवर आवर घालेल, अशी शंका टीकाकारांना आहे.

तिसरा रस्ता शाळेचा. युनेस्कोच्या २०२३च्या अहवालाने वर्गात स्मार्टफोन शिकण्याला खरोखर मदत करत असेल तेव्हाच आणावा, असा सल्ला दिला. आपल्याकडे टाळेबंदीनंतर गृहपाठ व्हॉट्सॲप ग्रुपवर पाठवण्याची पद्धत रुळली. फोन घरी ठेवा म्हणणारी शाळाच संध्याकाळी फोन हातात द्यायला लावते, ही पालकांची अडचण खरी आहे.

चौथा रस्ता गावाचा, आणि तो महाराष्ट्राने स्वतः काढला. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने ऑगस्ट २०२२ मध्ये ठरवले की रोज संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजेल आणि टीव्ही, मोबाईल बंद होतील. साडेआठला पुन्हा भोंगा वाजेपर्यंत मुले अभ्यास करतील, मोठे वाचतील किंवा बोलतील. पुरुषांना आधी ही कल्पना हसण्यावारी न्यावीशी वाटली. ती उचलून धरली बायकांनी. सुरुवातीला घरोघर जाऊन आठवण करून द्यावी लागत होती. नोव्हेंबर २०२२ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसद तालुक्यातील बान्सीच्या ग्रामसभेने दुसरे टोक निवडले: १८ वर्षांखालील मुलांना मोबाईल नाही, मोडल्यास दोनशे रुपये दंड. दोन्ही गावांची कळकळ सारखी आहे, रचना वेगळी. एकीत दीड तास सगळे गाव बंधन पाळते. दुसरीत बंधन फक्त मुलांवर आहे. ग्रामसभेला असा दंड करता येतो का, हा कायद्याचा प्रश्न बान्सीच्या बाबतीत उरतो. वडगावच्या बाबतीत प्रश्न असा, की सुरुवातीचा उत्साह ओसरल्यावर भोंगा ऐकला जातो का.

काय ठरलेले नाही

बहुतेक अभ्यास अमेरिका आणि युरोपातल्या मुलांवर झाले आहेत. स्वतःची खोली आणि स्वतःचा फोन असलेल्या मुलाचे निष्कर्ष, चौघांत एक फोन वापरणाऱ्या घराला जसेच्या तसे लागू होतात का? आपल्या भागातल्या मुलांचा अनेक वर्षे पाठपुरावा करणारे अभ्यास हवेत.

वेळ मोजावा की वापराचा प्रकार, हेही ठरलेले नाही. दोन तास गणिताचे व्हिडिओ आणि दोन तास रील्स फोनच्या हिशेबात सारखेच भरतात.

शेतीतली ओढाताण, नापिकी, कर्ज, भरतीची अनिश्चितता आणि लांबत जाणारी लग्ने यांचा ताण वऱ्हाडातल्या तरुणावर आधीच आहे. फोन त्या ताणाचे कारण आहे, त्यातून पळण्याची जागा आहे, की दोन्ही? याचे उत्तर फोन वेगळा काढून मिळणार नाही.

मराठीतला, त्यातही बोलीतला द्वेषाचा मजकूर कंपन्यांची यंत्रणा किती ओळखते, याची उघड माहिती लोकांसमोर यायला हवी. आणि ज्यांच्याविषयी हे सगळे चालले आहे, त्या तरुणांना ठराव करताना बोलावले जाते का, हा प्रश्न तर फारसा विचारलाच जात नाही.

पुढची वाट

या सगळ्याचा हिशेब मांडला की एक गोष्ट मला ठामपणे सांगावीशी वाटते. रिकामी झालेली वेळ रिकामी राहत नाही. आखाडा ओस पडला, वाचनालय बंद झाले, प्रार्थनेला चार म्हातारेच उरले, की ती संध्याकाळ फोन घेतो. त्यामुळे फोन काढून घेण्याच्या प्रत्येक उपायाला आधी एक प्रश्न विचारायला हवा: त्या जागी काय ठेवणार? मोहित्यांचे वडगावचा ठराव लोकांना पटला, कारण बंदीसोबत अभ्यास आणि संवाद होता, आणि मोठ्यांनीही तेच बंधन घेतले. सामुदायिक प्रार्थनेची जुनी रचनाही अशीच होती: वेळ ठरलेली, जागा ठरलेली, लहानथोर एकत्र.

याची परीक्षा घ्यायला वऱ्हाडाइतका सज्ज प्रदेश क्वचित असेल. गावोगावी श्रीगुरुदेव सेवा मंडळाच्या शाखा आहेत, व्यायामशाळांची परंपरा आहे, संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ आणि त्याची महाविद्यालये आहेत. काही गावांनी वर्षभर संध्याकाळचा एक तास सगळ्यांसाठी फोनमुक्त ठेवावा आणि त्या तासात काय व्हावे हे मुलामुलींनाच ठरवू द्यावे: कबड्डी, वाचन, भरतीचा सराव, खंजिरी, काहीही. शेजारच्या तितक्याच गावांनी आहे तसेच चालू ठेवावे. विद्यापीठाने दोन्हीकडच्या मुलांची झोप, हजेरी, मनःस्थिती सुरुवातीला आणि शेवटी मोजावी, आणि निकाल बरा येवो वा वाईट, तो ग्रामसभेत वाचून दाखवावा. जगभरचे संशोधक ज्या प्रश्नावर अडले आहेत, त्याचा आपल्यापुरता तुकडा आपल्याला असा सोडवता येईल. कायदा यायचा तेव्हा येईल, कंपन्या सुधारायच्या तेव्हा सुधारतील. पण या कामाला ग्रामसभेचा एक ठराव आणि वर्षभराची चिकाटी पुरेशी आहे.